हंसाची चोच नाळेतच राहू द्यावी

मी, मिथुन जानू पागधरे, वय बावीस, राहणार घिवली, तालुका पालघर, सध्या मुक्काम बोईसर, पामच्या रस्त्याला माझा मित्र चिंतू याची खोली, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणी धमकावलं म्हणून नाही, आणि दारू पिऊन तर नाहीच नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. तीन रात्री झोप नाही, पण झोप वेगळी आणि डोकं वेगळं, असं पालघरच्या कोर्टाबाहेर बसणारा टायपिस्ट म्हणाला. त्यानेच सगळं समजावलं: साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. लिहिणाऱ्याचं डोकं ठिकाणावर हवं, नसेल तर कागद रद्द. साक्षीदार दोन हवेत. आणि ज्याला आपण काही ठेवतो त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याला दिलेलं रद्द.

"वय काय तुझं?" त्याने विचारलं.

सांगितलं.

"मग घाई कसली?"

"घाई नाही, उशीर झालाय. मी गुरुवारीच मेलो."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मेलो कसा ते खाली त्या त्या कलमात येईल. पण एक आधीच लिहून ठेवतो. मी जीव द्यायला चाललेलो नाही. तसं कुणी म्हटलं तर हा कागद त्याच्या तोंडावर मारावा. उद्या संध्याकाळच्या गाडीने मी चिंतूच्या टोळीबरोबर ओख्याला खलाशी म्हणून जातोय. तिथली बोट किती लांब जाते, पाण्यातली सरहद्द कुठे लागते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. चिंतूचा काका रामू ती रेघ न कळून पलीकडे पकडला गेला होता. काही वर्षांनी तिथल्या तुरुंगातून सुटला. आता तो डोंगरावरच्या आपल्या घरात जेवायला बसतो तोसुद्धा समुद्राच्या दिशेला पाठ करून. तेव्हा गेलेला माणूस येतोच असं नाही. चिंतू म्हणतो, "आमच्यात जाताना सांगतात, येईन तवा येईन. तू शिकलेला, तू कागद कर."

"अर्धाच शिकलोय," मी म्हटलं.

"मंग अर्धा कागद कर."

कलम १. हंस.

हा हंस माझा नाही. तरी पहिलं कलम त्याचंच, कारण तो नसता तर बाकीची कलमं लिहायची वेळच आली नसती.

अंगठ्याएवढा आहे. पितळेचा की काशाचा ते अजून ठरायचंय. मान पुढे काढलेली, चोच किंचित उघडी, जणू आता काहीतरी बोलणार. पोटाखाली चपटी पट्टी, तिला दोन भोकं. म्हणजे कशाला तरी ठोकायचा हे नक्की. पेटीच्या झाकणाला असेल, पाळण्याला असेल, देवाच्या पालखीला असेल. किती जुना? आमच्या किनारा वारसा मंडळाचे अध्यक्ष तात्या म्हणतात आठशे वर्षं. तात्यांना सगळंच आठशे वर्षांचं वाटतं. मंडळातलीच समिधा म्हणते, तपासल्याशिवाय कुणी काही बोलू नये.

मंडळ म्हणजे सुट्टीच्या दिवशी ओहोटीला वाळूत फिरून खापरं गोळा करणारे, नोंदी ठेवणारे लोक. खणत नाहीत, उघडं पडलेलं उचलतात. मी त्यात गेलो तो इतिहासासाठी नाही, हे मंडळातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि बसायचो समिधा शिकते त्या इतिहासाच्या वर्गात, मागच्या बाकावर. आमच्या वर्गातली हजेरी गेली. परीक्षेला बसू देईनात. ऑफिसात भांडलो, हॉल तिकीट त्यांच्यासमोर फाडलं आणि घरी आलो. कॉलेज तिथे संपलं.

होळीच्या आधी उधाणाची ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. घिवलीच्या पुढे खाडीच्या तोंडाशी समिधाला वाळूत काहीतरी हिरवं दिसलं. तिने पाहिलं, मी उचललं. अनुज, म्हणजे अणुकेंद्राच्या कॉलनीतला, त्याच्याकडे धातू शोधायचं महागडं यंत्र आहे. ते त्या दिवशी गप्पच होतं. त्याला आजवर बाटल्यांची बुचं सापडली आहेत. (हे कलमात बसत नसेल तर वकिलाने खोडावं.)

तात्यांनी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केला. अधिकारी येईपर्यंत हंस ठेवायचा कुणी? तात्यांच्या घरी रंगकाम, अनुजच्या गेटवर पिशव्या तपासतात, समिधाच्या घरी माकुणसारला बहिणीच्या लग्नाची गर्दी. समिधा मंडळाची सचिव. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मिथुनकडे ठेवा. मी जामीन."

आजवर माझ्यासाठी कुणी जामीन राहिलेलं नाही. घरचेसुद्धा नाही. तिने नोंदवहीत सही केली, कापसात गुंडाळून हंस माझ्या हातात दिला आणि बजावलं, "हिरव्या थराला हात लावायचा नाही. तो थर म्हणजेच त्याचं वय."

घरी आलो आणि घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवला. देव्हाऱ्यात.

कलम २. आई.

माझ्या आईला, सौ. पुष्पलता जानू पागधरे हिला, चिंचेबद्दल कुणीही बोल लावू नये. मंडळाने नाही, सरकारने नाही, समिधाने तर अजिबात नाही.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोळ्यांच्या घरात देव घासायला काढतात. सगळी पितळ बाहेर येते. देव्हाऱ्यात जे आहे ते देवाचं, ते घासायचं, एवढं आईला कळतं आणि ते बरोबर आहे. मी त्या दिवशी पालघरला होतो, समिधाच्या कॉलेजच्या गेटवर, कारण नसताना. परत आलो तर आई दारातच.

"होडीला आनलास तर सांगायचं ना पोरा! कसला कळकला होता. चिंच लावली, राख लावली, तीन पानी काडली. बग, आता सोनं झालाय."

खरंच सोनं झालं होतं. हिरव्याचा कणही नाही. तांब्यावरचा हिरवा थर आंबटाने कसा जातो याचं समीकरण मला पाठ होतं. परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी. आणि माझ्याच घरात, माझ्याच आईला, "ह्याला चिंच लावू नको" एवढं चार शब्दांचं वाक्य मी सांगितलं नव्हतं. मग चूक कुणाची?

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात बाबा आईच्या हातून हंस घेऊन होडीकडे गेले. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, त्यांनी तो ठोकला. समुद्राच्या पाण्यात लोखंड सडतं म्हणून तांब्याचे खिळे. भोकं दोनच, तेवढ्याने हलेल म्हणून तिसरा खिळा उघड्या चोचीच्या फटीतून. दुसऱ्या दिवशी पौर्णिमेला हळदकुंकू झालं, नारळ झाला, आळीतल्या बाया नाचल्या. आई नाचली. मी तिला नाचताना किती वर्षांनी बघितलं. मी गप्प राहिलो.

त्यानंतर होडीला पापलेट लागलं. लोक म्हणायला लागले, जानूला हंस पावला.

आईला ठेवतो ते असं: घरातला माझा वळकटीएवढा कोपरा, तिथे तिने तिच्या सुक्या मासळीच्या टोपल्या ठेवाव्यात. बोईसरच्या बाजारात ती उन्हात बसते त्या जागेवर लावायची मोठी छत्री, जी मी आणतो आणतो म्हणून आणली नाही. ती माझ्या पहिल्या पगारातून चिंतू आणून लावून देईल. आणि माझे काळे बूट, मापाला मोठे होतील, पुढे कापूस घालावा. मासळी निवडताना बर्फाच्या पाण्यात अनवाणी उभं राहू नये.

कलम ३. तात्या आणि अनुज.

दिवाळीनंतर अधिकाऱ्यांचं पत्र आलं. येत्या मंगळवारी येतो, वस्तू हजर ठेवा. समिधाने मला फोन केला, "घेऊन ये." मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी तात्यांच्या घरी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. देव्हारा, चिंच, नाळ, सगळं.

तात्या पंख्याकडे बघायला लागले. मग अनुज बोलला, "होडीवर ठोकला? ही गोष्ट कोण ऐकणार? विकला असेल. बोईसरला भंगारवाल्यांची कमी आहे का?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. चष्मा भिंतीवर जाऊन फुटला.

तात्या माझ्यावर ओरडले असते तर चाललं असतं. ते समिधाकडे वळले. शांतपणे म्हणाले, "जामीन तू होतीस. सही तुझी आहे. हा तुझ्या भरवशाचा मुलगा अशी वस्तू भंगारात घालतो की होडीला ठोकतो, मला फरक नाही. मंगळवारी वस्तू नसेल तर पुण्याच्या शिफारशीचं पत्र माझ्याकडे मागू नकोस."

पुण्याला पुरातत्त्व शिकायला जायचं हे समिधाचं आठवीपासून ठरलेलं आहे. तात्यांचं पत्र नसेल तर तिचा अर्जच अपुरा. ती उठून बाहेर आली. पायरीवर चपला घालताना तिचा पट्टा लागेना, मी खाली वाकलो, तर ती तशीच अनवाणी रस्त्यावर गेली. तिच्याशी माझं शेवटचं काय बोलणं झालं म्हणाल तर ते एवढंच.

तात्यांना माझी रसायनशास्त्राची पुस्तकं. क्षार आणि आम्ल यांचा धडा वाचावा, मग आठशे वर्षं म्हणावं. अनुजला नवा चष्मा, चिंतूच्या हस्ते. चष्म्याबद्दल दिलगीर आहे, थोबाडीबद्दल नाही.

कलम ४. बाबा.

मी बाबांना विचारलं नाही असं कुणी म्हणू नये. बुधवारी जेवताना विचारलं.

"बाबा, तो हंस सरकारला द्यायचा हाय."

"सरकार कदी आलं होतं वाळूत?"

"समिधाचं नाव खराब होतंय."

"कोन समिधा?"

मी ताटात बघितलं. आई वाढता वाढता म्हणाली, "माकुणसारची हाय. पोराचं तोंड बगा, कळंल कोन ते."

बाबांनी हात धुतला. "नाळेवर चडलं ते दर्याचं झालं. होडीचा डोळा तो. डोळा काडून कुनाला देनार? मी काडनार नाय, तू काडायचा नाय. काडलास त्या दिवशी माजा पोरगा मेला."

"मग मेला," मी म्हटलं. माझं डोकं असं आहे. शब्द आधी जातो, मी त्याच्या मागे धावतो.

गुरुवारी ओहोटीला होडी वाळूवर कलली होती. बाबा पलीकडे जाळं शिवत बसले होते. मी पटाशी घेतली. दोन खिळे सुटले. तिसऱ्याला, चोचीतल्या, मी जोर लावला. टक् असा आवाज आला. एवढासा. हंस माझ्या हातात आला आणि चोच लाकडात राहिली.

आता होडीलाही हंस नाही आणि समिधालाही धड हंस नाही. दोन्हीकडे दोषी मीच.

आई धावत आली. ओरडली नाही. नाळेवर हात ठेवून म्हणाली, "डोळा फोडलास."

बाबा उठले. विहिरीवर गेले. आळी जमली होती. त्यांनी कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं, बादलीमागून बादली. आमच्याकडे माणूस गेल्याचं कळलं की अशी आंघोळ करतात. मी समोरच उभा होतो. ते परत येताना माझ्या बाजूने गेले, जसं आपण खांबाच्या बाजूने जातो. माझी ट्रंक रस्त्यावर आली.

जानू गोविंद पागधरे यांना काहीही नाही. हे राहून गेलेलं नाही. आठवणीने लिहिलंय. काहीही नाही.

पटाशी खाडीत टाकावी.

कलम ५. चिंतू.

चिंतूला माझा फोन. काच फुटली आहे, पण चालतो. शिवाय माझं रेनकोटाचं जाकीट, जे तो तसंही न विचारता घालतो. चिंतूने मला या खोलीत घेतलं, एकदाही विचारलं नाही की काय झालं. रात्री शेजारच्या खोलीतले कारखान्याचे लोक विचारायला आले, "भाई, रो कौन रहा है?" तेव्हा हा म्हणाला, "रेडिओ."

कलम ६. समिधा.

समिधाने मला कधी हो म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. हे कागदावर खरं राहू दे, म्हणजे उद्या लोकांनी तिच्या नावाने काही जोडायला नको.

तिला ठेवतो: फोनमधले हंसाचे फोटो, घासायच्या आधीचे. बाजूला नाणं ठेवून काढलेत, तिने शिकवलं तसे. हिरवा थर आता जगात फक्त तिथेच शिल्लक आहे. चिंतूने फोन घ्यायच्या आधी ते काढून तिला द्यावेत.

तिची तुटलेल्या पट्ट्याची चप्पल. तात्यांच्या पायरीवरून मी उचलली, शिवून घेतली आहे. दोन्ही ट्रंकेत आहेत.

आणि उरलेलं सगळं. उरलेलं म्हणजे काय, असं कोर्टाने विचारलं तर उत्तर असं की माझ्याजवळ एकच गोष्ट ढिगाने आहे आणि ती घेणारं कुणी नाही. मागच्या बाकावरून तिची वेणी दिसायची. बाई काय शिकवत होत्या मला एक अक्षर आठवत नाही. तिने "मी जामीन" म्हटलं त्या दिवशी मी वाळूवरून घरापर्यंत हंस मुठीत धरून पळत आलो होतो, बावीस वर्षांचा घोडा. ते पळणं तिला. मला समुद्रात झोप लागणार नाही, त्या सगळ्या न लागलेल्या झोपा तिला. तिने घेतलं नाही तरी तिच्याच नावावर राहावं. दुसऱ्या कुणाला देऊ नये. मला परत करू नये. मला ते सहन होत नाही.

कलम ७. हंसाची वाटणी.

धड समिधाच्या हाती द्यावं, तिने सरकारला द्यावं. चोच नाळेत आहे, तिथेच राहू द्यावी. कोरून काढू नये, पाहणीसाठी नाही, जोडण्यासाठी नाही. होडीचा एक डोळा मी फोडला. उरलेलं कुणी उकरू नये.

साक्षीबाबत खुलासा. हे पुढचं नंतर लिहितोय. खाडाखोड नको म्हणून सलग लिहितो.

सातवं कलम संपलं आणि दार वाजलं. चिंतूने उघडलं.

"ये बाय. मयत आत बसलंय, लिवतंय."

समिधा होती. चिंतूनेच तिला फोन केला होता, माझ्या फोनवरून, जो अजून त्याचा झालेला नाही.

तिने हात पुढे केला. मी हंस ठेवला. ती खिडकीपाशी गेली, उजेडात फिरवून बघितला. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.

"चोच?"

"नाळेत."

"घासला कुणी?"

"मी."

"खोटं बोलतो," चिंतू म्हणाला. "कलम दोन वाच."

तिने उभ्याउभ्या पहिल्यापासून वाचलं. एका ठिकाणी हसली. "'चष्म्याबद्दल दिलगीर, थोबाडीबद्दल नाही.' मिथुन, हे मृत्युपत्र आहे की भांडण?" मग पुढे गेली. सहावं कलम तिने मनात वाचलं. मी बल्बकडे बघत राहिलो. खूप वेळ लागला. तेवढं मोठं नाहीये ते.

"पेन दे."

"कशाला?"

"साक्षीदार हवेत ना?"

"तू सही केलीस तर तुला दिलेलं सगळं रद्द होतं. वर लिहिलंय."

"वाचलं."

"फोटोसुद्धा."

"फोटो आत्ता पाठव. जिवंत आहेस तोवर." तिने सही केली. "मेलेल्या माणसाकडून मला काही नको. चप्पलसुद्धा नको."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे सही केली."

मी फोटो पाठवले. ट्रंकेतून चप्पल काढली. ती तिने तिथेच बसून पायात घातली, पट्टा ओढून बघितला. 

मग म्हणाली, "मंगळवारी मी अधिकाऱ्यांना सगळं लिहून देणार आहे. सापडला, देव्हाऱ्यात ठेवला, घासला, ठोकला, उपटला. तुझ्या आईची पूजासुद्धा. वस्तूवर जे जे झालं ते तिच्या इतिहासातच मोजतात."

"आणि पुणे?"

"तात्या पत्र देणार नाहीत." एवढंच म्हणाली, आणि हंस पुन्हा कापसात गुंडाळायला लागली. कापूस दोनदा सुटला. ते बघून मला त्या क्षणी खरोखर मेलो असतो तर बरं असं वाटलं, तेही लिहून ठेवतो. लगेच तिने मान वर केली. "चोच मला बघायला हवी. किती आत आहे, कुठल्या दिशेला. नोंदीत लागेल. आणि तुला दुसरा साक्षीदार लागेल, ज्याला तू काहीच दिलं नाहीस असा." तिने पानं उलटली. "आईला बूट. तात्यांना पुस्तकं. अनुजला चष्मा. ह्याला फोन." चिंतूने मान डोलावली. "एकच माणूस उरतो."

"तो मेलेल्याशी बोलत नाही."

"बोलायचं कुठे आहे? सही करायची आहे."

आज सकाळी तिच्या स्कूटरवर मागे बसून घिवलीला आलो. हे वाळूवर बसून, मासळीचा क्रेट पालथा घालून लिहितोय. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट खिशात आहे.

बाबा होडीपाशी होते. चोच जिथे अडकली आहे तिथे आईने हळद लावली आहे, जखमेला लावतात तशी. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिला विचारलं, "कोन?"

"माकुणसारची समिधा."

"हं."

"काका, हात नाही लावत. फक्त बघते."

"बग. बगून काय झिजत नाय."

तिने मोजपट्टी लांब धरून फोटो काढले. खाली बसून, वाकून, एका डोळ्याने. बाबा तिच्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "वरतून बग, तिकडनं उजेड हाय," आणि तिच्यासाठी बाजूला सरले.

मग तिने त्यांना कागद दिला. "याला एक सही हवी आहे."

"कसला कागद?"

"ह्याचा. मेल्यावर कुणाला काय."

"मेल्यानंच लिवलाय?"

"हो."

बाबा चौथी शिकले. ओठ हलवत वाचतात. चौथ्या कलमापाशी थांबले. गुरुवारनंतर पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं.

"मला काय नाय?"

"नाय," मी म्हटलं.

"बरं केलंस."

पुढचं वाचलं.  आई टोपली घेऊन बाजाराला निघाली होती, ती तिथेच टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली.

समिधा म्हणाली, "काका, साक्षीदाराने खाली लिहायचं असतं: याने माझ्यासमोर सही केली, तेव्हा हा जिवंत होता आणि याचं डोकं ठिकाणावर होतं. हे खरं असेल तरच लिहा."

बाबांनी पेन घेतलं. मग कागदासकट माझ्यापुढे धरलं. पाणी चढायला लागलंय, होडीच्या बुडाला लागलंय. मी त्यांच्यासमोर खाली सही करतो आहे. आता कागद त्यांच्याकडे देतो, ते काय लिहितील मला माहीत नाही.

लिहून ठेवणार: मिथुन जानू पागधरे (सही)

ठिकाण: बोईसर, सहीपुरतं घिवली, होडीजवळ
तारीख: ८ नोव्हेंबर २०२५ रोजी लिहिलं, ९ नोव्हेंबर रोजी पुरं केलं

साक्षीदार पहिली: समिधा चुरी, माकुणसार. माझ्यासमोर सही केली. जिवंत होता. कलम सहा वाचलं आहे. (सही)

साक्षीदार दुसरा: जानू गोविंद पागधरे, घिवली. मिथुन माझा पोरगा. माझ्यासमोर सई केली. जिता हाय. डोकं ठिकानावर नाय.
(सही)